आवाज आपला, तबकडी कोणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातले एक वयोवृद्ध शाहीर बारा पानांचा एक करार घेऊन माझ्याकडे आले. जयभीम झाला, चहा झाला आणि मग त्यांनी ती पाने माझ्यापुढे सारली. ‘सर, सही करायची आहे. त्याआधी यात काय लिहिलंय ते एकदा मराठीत सांगा.’ मुंबईच्या एका करमणूक कंपनीला त्यांच्या आयुष्यावर पॉडकास्टची मालिका करायची होती. गावकुसाबाहेरचे बालपण, जलशातले दिवस, नामांतराच्या काळातल्या सभा, त्यांनी स्वतः रचलेली गाणी, सारे त्यांच्याच तोंडून. दहा भाग आणि प्रत्येक भागाला ठरलेली रक्कम. रक्कम वाईट नव्हती. त्यांना आयुष्यात एका कामाचे एवढे पैसे कोणी दिले नव्हते.

करार इंग्रजीत होता. सातव्या पानावर एक कलम होते. त्याचा अर्थ असा की, या ध्वनिमुद्रणाचे, त्यातील कथनाचे आणि गीतांचे सर्व हक्क संपूर्ण विश्वात, कायमचे, आज ठाऊक असलेल्या आणि पुढे शोध लागेल अशा सर्व माध्यमांसाठी कंपनीकडे राहतील. मी ते मराठीत सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘विश्वात म्हणजे चंद्रावर पण त्यांचंच का?’ आम्ही दोघेही हसलो. पण त्यांचा पुढचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ‘मग उद्या माझ्या नातवाला हे भीमजयंतीत लावायचं झालं, तर त्यानं कोणाला विचारायचं?’

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. ते शोधायला लागलो आणि मला एक इतिहासच हाती लागला. तो अमेरिकेतला आहे, पण आपल्या परिचयाचा वाटेल असा आहे. म्हणून तो इथे मांडतो.

१

पॉडकास्ट म्हणजे काय, हे आधी साध्या भाषेत सांगितले पाहिजे. कोणी माणूस बोलतो, ते मुद्रित करतो आणि इंटरनेटवर ठेवतो. ऐकणारा ते आपल्या सवडीने आपल्या फोनवर ऐकतो. रेडिओसारखी वेळ पाळावी लागत नाही, परवाना लागत नाही, मनोरा उभारावा लागत नाही. २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या ‘गार्डियन’ पत्रात बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने लिहिलेल्या एका लेखात हा शब्द प्रथम छापला गेला. २००५ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले आणि हे माध्यम घराघरांत गेले.

ह्या माध्यमाचा कणा आहे तो आरएसएस. ही तीन अक्षरे वाचून आपल्याकडे माणूस दचकतो, पण इथे त्यांचा अर्थ अगदी निरुपद्रवी आहे: ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’. ती एक उघडी यादी असते. माझा नवा भाग आला की त्या यादीत त्याचा पत्ता चढतो आणि जगातले कोणतेही ॲप ती यादी वाचून माझा भाग ऐकणाऱ्यापर्यंत पोचवते. त्या यादीला मालक नाही, वेशीवर पहारेकरी नाही. पाणवठा सर्वांना खुला, असे काहीसे ते होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना ह्या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणूनच पहिल्या दहा वर्षांत ज्यांना रेडिओने आणि दूरचित्रवाणीने दारात उभे केले नव्हते, असे पुष्कळ लोक या माध्यमात आले. अमेरिकेतल्या काळ्या समाजातले तरुण आले. हिपहॉपच्या व्यवसायात वकिली केलेला रेजी ओसे ‘कॉम्बॅट जॅक’ या नावाने बोलू लागला आणि २०१३ साली त्याने व ख्रिस मॉरो यांनी मिळून ‘लाउड स्पीकर्स नेटवर्क’ काढले. ब्रिटनी ल्यूस आणि एरिक एडिंग्ज या दोघा मित्रांनी २०१४ मध्ये ‘फॉर कलर्ड नर्ड्स’ सुरू केले. काळी माणसे एकमेकांशी घरात जशी बोलतात, तसे बोलणे त्यात होते. गोऱ्या श्रोत्याला समजावून सांगण्याची लाचारी त्यात नव्हती. आपले पहिले आत्मकथनकार लिहू लागले तेव्हा मराठी भाषेला जो धक्का बसला, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

२

मग कंपन्या आल्या. त्या का आल्या, हे समजून घेतले नाही तर पुढचे काही समजणार नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या सार्वजनिक रेडिओच्या पठडीतून ‘सीरियल’ ही मालिका आली. एका जुन्या खुनाच्या खटल्याचा तो शोध होता. कोट्यवधी वेळा ती ऐकली गेली. बोलण्याला बाजार आहे हे भांडवलाला त्या दिवशी कळले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘गिमलेट’ ही केवळ पॉडकास्ट करणारी कंपनी निघाली. २०१८ मध्ये आयहार्ट या रेडिओच्या साखळीने ५.५ कोटी डॉलर देऊन एक पॉडकास्ट कंपनी घेतली. २०१९ च्या फेब्रुवारीत संगीत पुरवणाऱ्या स्पॉटिफायने गिमलेट विकत घेतली. त्या वेळच्या वृत्तांनुसार किंमत होती सुमारे २३ कोटी डॉलर. त्या एका वर्षात अशा खरेदीवर ५० कोटी डॉलरपर्यंत खर्च करू, असे स्पॉटिफायने जाहीर केले होते. २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘सीरियल’ची कंपनी घेतली, सिरियस एक्सएमने ‘स्टिचर’ घेतली, आणि वर्ष संपता संपता ॲमेझॉनने ‘वंडरी’ घेत असल्याचे जाहीर केले.

गाणी विकणाऱ्याला बोलणे का हवे झाले? स्पॉटिफायला मिळणाऱ्या प्रत्येक तीन रुपयांतले सुमारे दोन रुपये गाण्यांच्या हक्कदारांना, म्हणजे मुख्यतः मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना द्यावे लागतात. बोलण्याला असा वाटेकरी नसतो. एकदा विकत घेतले की ते आपले. गाणे महाग, माणसाची गोष्ट स्वस्त, असा हा हिशेब आहे. दुसरे कारण जाहिरातीचे. उघड्या यादीतून भाग उतरवून घेणारा कोण आहे, त्याने किती ऐकले, हे कळत नसे. कंपनीच्या ॲपमध्ये मात्र ऐकणारा कोण, कुठला, कुठे थांबला, कुठे कंटाळला, हे सारे टिपले जाते, आणि ते जाहिरातदाराला विकता येते. मग साहजिकच कंपनीला वाटते की कार्यक्रम उघड्या यादीत नको, फक्त आपल्याच ॲपमध्ये हवा. पाणवठ्याभोवती असे कुंपण पडले.

३

हे सारे नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच घडले होते आणि तेव्हाही केंद्रस्थानी काळ्या माणसाचा आवाज होता.

१९२० च्या ऑगस्टमध्ये मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केले. काळे लोक तबकड्या विकत घेत नाहीत, असा गोऱ्या कंपन्यांचा समज होता. पेरी ब्रॅडफर्ड या काळ्या गीतकाराने पाठपुरावा केला म्हणून ते मुद्रण झाले. तबकडी प्रचंड खपली आणि कंपन्यांचे डोळे उघडले. ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाचा वेगळा विभाग निघाला. काळ्यांसाठी काळ्यांच्या तबकड्या, वेगळी यादी, वेगळे क्रमांक. अस्पृश्यांची कपबशी वेगळी ठेवावी, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की या कपबशीतून नफा येत होता.

यातली एक कंपनी होती पॅरामाउंट. ती विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या करणाऱ्या कारखान्याची पोटकंपनी होती. कारखाना फोनोग्राफच्या पेट्या करू लागला, पेट्या खपाव्यात म्हणून तबकड्या काढू लागला. म्हणजे काळ्या समाजाचे दुःख तिथे लाकडी पेटीला गिऱ्हाईक मिळावे म्हणून मुद्रित होत होते. मालकाला गाण्याचे प्रेम असावे लागते असे नाही. आज फोन, ॲप आणि जाहिरात विकण्यासाठी कोणाची कहाणी मुद्रित होते तेव्हा मला त्या खुर्च्यांच्या कारखान्याची आठवण होते.

बेसी स्मिथ ही त्या काळातली सर्वश्रेष्ठ ब्लूज गायिका. कोलंबिया कंपनीसाठी ती १९२३ पासून गायिली. तिला प्रत्येक गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळे, विक्रीत हिस्सा नसे. तिच्या आवाजाने कंपनी तगली, पण तबकडीवर तिचा हक्क नव्हता. दहा भाग आणि प्रत्येक भागाला ठरावीक रक्कम, हा आमच्या शाहिरांपुढचा करार १९२३ सालचाच आहे. फक्त कागद नवा आहे.

मग काळ्यांनी स्वतःची कंपनी का काढली नाही? काढली होती. हॅरी पेस या काळ्या उद्योजकाने १९२१ मध्ये ‘ब्लॅक स्वान’ काढली. तिच्या संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस होते. ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे निग्रोंनी मांडलेल्या निवेदनाविषयी विचारले, तेच हे दुबॉइस. स्वतःची कंपनी, स्वतःचे कलावंत, स्वतःचे गिऱ्हाईक असे ते स्वप्न होते. एथेल वॉटर्सच्या गाण्यांनी कंपनीला नाव मिळवून दिले. पण मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा आणि त्याच वेळी घरोघर आलेला रेडिओ यांपुढे तिचा टिकाव लागला नाही. १९२३ च्या अखेरीस तिने दिवाळे जाहीर केले आणि १९२४ मध्ये तिच्या तबकड्या पॅरामाउंटच्या हाती गेल्या. काळ्यांनी मालकीसाठी काढलेल्या कंपनीची मालमत्ता शेवटी खुर्च्यांच्या कारखान्याकडे गेली.

या पराभवात एक गोष्ट अशी आहे की जी आपण झाकून ठेवू नये. बेसी स्मिथ आधी ब्लॅक स्वानकडेच गेली होती. त्यांनी तिला नाकारले. तिचा आवाज त्यांना फार रांगडा वाटला. समाजाची प्रतिमा उंचवायची, गोऱ्यांपुढे शोभेल असे द्यायचे, ही त्या सुशिक्षित काळ्यांची धडपड होती. तिच्या भरात त्यांनी आपलाच सर्वांत खरा आवाज दाराबाहेर ठेवला आणि तो गोऱ्या कंपनीने उचलला. हे वाचताना मला अस्वस्थ वाटले. आमच्याही नोकरदार, प्राध्यापक, लेखक वर्गाला वस्तीतला गायनपार्टीचा आवाज, त्यातली शिवी, त्यातला ढोलकीचा दणका कधी कधी नकोसा होतो. आपण जे नाकारतो, ते बाजार उचलतो. मग आपणच म्हणतो की बाजाराने आमची संस्कृती पळवली.

४

आता पुन्हा आपल्या काळाकडे येतो. कंपन्यांच्या छताखाली गेलेल्या त्या आवाजांचे पुढे काय झाले?

ल्यूस आणि एडिंग्ज यांना गिमलेटने बोलावून घेतले आणि त्यांनी तिथे ‘द नॉड’ ही काळ्या जीवनावरची मालिका केली. गिमलेट स्पॉटिफायच्या पोटात गेली. २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर सारी अमेरिका रस्त्यावर आली होती आणि प्रत्येक कंपनी काळ्यांविषयीची कळकळ जाहीर करत होती. त्याच दिवसांत ल्यूसने उघडपणे सांगितले की, आम्ही उभ्या केलेल्या कार्यक्रमाची मालकी आमच्याकडे नाही. ‘अनदर राउंड’ हा दुसऱ्या एका कंपनीतला गाजलेला कार्यक्रम करणाऱ्या दोन काळ्या स्त्रियांनीही तोच प्रश्न विचारला. कळकळ होती, पण मालकी नव्हती. हरिजन म्हणून डोक्यावर हात फिरवायचा आणि सातबाऱ्यावर नाव मात्र चढू द्यायचे नाही, ही आपल्या ओळखीची रीत आहे.

२०२१ च्या फेब्रुवारीत आणखी एक प्रकार झाला. गिमलेटच्या ‘रिप्लाय ऑल’ या लोकप्रिय कार्यक्रमाने एका प्रसिद्ध पाकमासिकातल्या वर्णभेदावर मालिका सुरू केली. गोऱ्येतर कर्मचाऱ्यांना तिथे कसे वागवले जाई, याचा तो पंचनामा होता. दोन भाग झाले आणि एरिक एडिंग्जने जाहीरपणे विचारले की, हे बोलणारे तुम्ही कोण? आम्ही गिमलेटमध्ये कामगार संघटना बांधत होतो, तिच्या मागे गोऱ्येतर सहकाऱ्यांची गाऱ्हाणी होती, तेव्हा तुम्ही आमच्या विरोधात उभे होतात. मालिका दोन भागांवरच बंद पडली. मालिकेची निवेदिका भारतीय वंशाची होती, हेही नोंदवून ठेवतो. अन्यायाची कथा हा विकाऊ माल झाला की असे होते. दुसऱ्याच्या घरातला अन्याय खपतो, स्वतःच्या घरातला लपतो. दलितांवरील अत्याचाराच्या बातम्या रसभरीत छापणाऱ्या किती कचेऱ्यांत दलित संपादक होते आणि आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे.

सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाच्या कॉनी वॉकरचे आहे. ती क्री या आदिवासी समाजातली पत्रकार. कॅनडात आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून चर्चच्या निवासी शाळांत कोंडले जाई. तिथे त्यांची भाषा मारली गेली, त्यांच्यावर अत्याचार झाले. वॉकरचे वडील अशाच एका शाळेत होते. पुढे ते पोलिसांत गेले. एका रात्री त्यांनी दारूच्या नशेत गाडी चालवणारा म्हणून एकाला अडवले. तो त्यांच्यावर लहानपणी अत्याचार करणारा पाद्री निघाला. ह्या एका घटनेचा माग काढत वॉकरने २०२२ मध्ये ‘स्टोलन’ मालिकेचे दुसरे पर्व केले. २०२३ च्या मे महिन्यात त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी पीबॉडीही मिळाले. कंपनी होती गिमलेट, मालक स्पॉटिफाय.

आणि मग? २०२३ च्या जूनमध्ये स्पॉटिफायने पॉडकास्ट विभागातले सुमारे २०० लोक काढले आणि गिमलेटचे वेगळे अस्तित्व संपवले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘स्टोलन’ बंद करण्याचा निर्णय झाला. पुलित्झर मिळून सात महिनेसुद्धा झाले नव्हते. याच कंपनीने २०२० मध्ये जो रोगन या एका निवेदकाशी दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केल्याचे सांगितले जाते. एका समाजाची स्मृती जाग्यावर आणणारी मालिका मात्र तिला परवडली नाही. ॲमेझॉननेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये वंडरीची मोडतोड केली, शंभरावर लोक घरी गेले.

कंपनी दुष्ट होती म्हणून हे झाले, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर विषय सोपा होतो आणि खोटाही होतो. कंपनीने त्या मालिकेला पैसा दिला, वेळ दिला, जगभरचे श्रोते दिले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कंपनीसाठी ती मालिका वहीतली एक ओळ होती. ओळ तोट्यात दिसली, खोडली. ज्यांच्यासाठी ती स्मृती आहे त्यांच्या हातात खोडरबरही नव्हते आणि वहीही नव्हती.

५

या इतिहासाशी आमचे नाते नुसत्या सहानुभूतीचे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांचे साहित्य आम्ही वाचले, आता त्यांचा हिशेबही वाचला पाहिजे.

आमचा स्वतःचा धडा तर त्याहून जुना आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटले तरी ‘केसरी’ने छापली नाही. दुसऱ्याच्या पत्रात आमची जाहिरातसुद्धा येत नाही, तिथे आमचा विचार काय येणार? म्हणून बाबासाहेबांनी ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी एकामागून एक पत्रे काढली. ती कर्जात चालली, बंद पडली, पुन्हा निघाली. आणि १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी भारतीय पत्रकारितेविषयी खंत व्यक्त केली की जो कधी पेशा होता त्याचा आता व्यापार झाला आहे. आज पॉडकास्टविषयी बोलताना त्या विचारात मला एक अक्षरही बदलावेसे वाटत नाही.

लेखणीच्या बाबतीत ही जाणीव आपण ठेवली. आवाजाच्या बाबतीत ठेवली नाही. सत्यशोधकी जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले. वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले. त्या जलशांचे बहुतेक आवाज मुद्रित झालेच नाहीत. ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यात पहिली मुद्रणे केली, पण तिच्या तबकडीत जलशाला जागा नव्हती. १९८० नंतर कॅसेट आली. एकाच मोठ्या कंपनीची मक्तेदारी तिने मोडली, आणि भीमगीतांचा पूर आला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर कॅसेटींचे ढीग लागत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज झोपडीझोपडीत गेले. तो आमचा पॉडकास्टच होता, असे म्हटले तर चूक होणार नाही. पण त्या कॅसेटींच्या मूळ मुद्रिका आज कोणाकडे आहेत, गीतकाराचे नाव वेष्टनावर नीट छापले होते का, त्याच्या घरी पैसे पोचले का, हे आपण विचारले नाही. आम्ही गाणे पाठ केले, पावती मागितली नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या आवाजाची गोष्ट घ्या. त्यांच्या आवाजाची फार थोडी मुद्रणे आपल्याला ऐकायला मिळतात. त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे १९५५ ची बीबीसीची मुलाखत. ती इंग्लंडच्या एका संस्थेने जपली म्हणून आज ऐकता येते, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण ज्याने आम्हांला आवाज दिला, त्याचाच आवाज परक्याच्या कपाटात असावा, ही आमच्या बेफिकिरीची साक्ष आहे.

दुसरी वाट आहे आणि ती याच महाराष्ट्रात कोणीतरी चालून दाखवली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. आज ‘परी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या कोणालाही ऐकता येतात. महत्त्वाचे हे की, ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे. कंपनीच्या यादीत जिला ‘लोकगीत, पारंपरिक’ एवढ्यात गाडून टाकले असते, ती बाई तिथे कवयित्री म्हणून उभी आहे.

६

आता कंपन्या आपल्या दारात आल्या आहेत. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आले. मुंबईत २०१५ मध्ये निघालेली आयव्हीएम ही पॉडकास्ट कंपनी २०२० मध्ये ‘प्रतिलिपी’ने घेतली. आपल्याकडच्या खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा द्याव्या लागतात. पॉडकास्टला असा एफएमचा परवाना लागत नाही. त्यामुळे रेडिओवाले, गाणीवाले, कथावाले सगळेच इकडे वळले. भुतांच्या, गुन्ह्यांच्या, पुराणांच्या मालिका झाल्या, आता ‘खरी माणसे’ हवी आहेत. आमचे दुःख हा पुढचा कच्चा माल आहे.

तेव्हा करायचे काय? कंपनीवर बहिष्कार हे उत्तर नाही. म्हाताऱ्या शाहिराने औषधाचे पैसे सोडावेत, असे सांगण्याचा अधिकार मला पगारदार माणसाला नाही. उत्तर कायद्यात आहे, आणि तो वाचणे हे चळवळीचे काम आहे. २०१२ मध्ये स्वामित्वहक्काचा कायदा बदलला. ज्या माध्यमाचा करार करताना अस्तित्वच नव्हते, त्याचा हक्क, ते माध्यम करारात नेमके नमूद नसेल तर, विकला गेला असे धरता येत नाही. गीत रचणाऱ्याला मानधनातला समान वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला देता येतो. गाणाऱ्याला आपले नाव लावून घेण्याचा हक्क आहे. मुदत लिहिली नसेल तर करार पाच वर्षांचा धरला जातो. मात्र ध्वनिमुद्रणाचा मालक तो करवून घेणाराच असतो, आणि ती मालकी प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालते. खरी गोम इथे आहे. गीत तुमचे राहील, गळा तुमचा राहील, मुद्रण त्याचे होईल. म्हणून करवून घेणारे आपणही झाले पाहिजे.

हे आज अवघड नाही. ब्लॅक स्वानला कारखाना लागला होता, आपल्याला एक बरा फोन आणि शांत खोली पुरते. प्रत्येक महाविद्यालयातल्या आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतल्या एका वृद्धाचे मुद्रण करावे. नाव, गाव, तारीख, कोणते गाणे कोणी रचले, हे आधी बोलून घ्यावे. मूळ मुद्रिका दोन ठिकाणी ठेवावी, एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी. मग उघड्या यादीत घालावी. कंपनी आली तर तिला ऐकण्याची परवानगी द्यावी, खरेदीखत देऊ नये. आणि रांगडा आवाज गाळू नये. बेसी स्मिथला परत पाठवण्याची चूक आपण करू नये.

शाहिरांच्या कराराचे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही तिघांनी, म्हणजे ते, त्यांची वकिली शिकणारी नात आणि मी, मिळून सातव्या पानावर चार दुरुस्त्या लिहिल्या: मुदत पाच वर्षे, गाण्यांचे हक्क रचणाऱ्याकडे, मुद्रणाची एक पूर्ण प्रत कुटुंबाला, जयंती, सभा आणि शाळेत ती वाजवायला कायमची मोकळीक. कंपनीने पहिल्या तीन मान्य केल्या. चौथीवर दोन महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी तिने नकार दिला आणि शाहिरांनी सही केली नाही. पैसे गेले. त्याचे दुःख त्यांना आहे, मलाही आहे. सल्ला दिला त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या नातीने घरातच, पंखा बंद करून, फोनवर पहिला भाग मुद्रित केला. मध्येच बाहेर कुत्रे भुंकले, तेही त्यात आहे. शाहिरांनी आधी स्वतःचे नाव सांगितले, मग बापाचे, मग गावाचे, मग ज्या गुरूकडून पहिले गाणे शिकले त्याचे. आणि मग गायला सुरुवात केली.